एकट्याचे बंड महाग, घाऊक बंड स्वस्त

महत्त्वाच्या मतदानात लोकप्रतिनिधीने पक्षादेश पाळावा की स्वतःचा विवेक? पक्षांतरबंदी कायद्याला चार दशके उलटून गेल्यावरही या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर भारतीय संसदीय व्यवस्थेला सापडलेले नाही.

अणुकराराच्या प्रश्नावर डाव्या पक्षांनी पाठिंबा काढून घेतला आणि डॉ. मनमोहन सिंग यांच्या सरकारला लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जावे लागले. २२ जुलै २००८ रोजी तो ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी संमत झाला. दहा सदस्य तटस्थ राहिले. लोकांच्या स्मरणात राहिली ती त्या दिवशी सभागृहात फडकावली गेलेली नोटांची बंडले. ही आपल्याला देऊ केलेली लाच आहे, असा भाजपच्या तीन खासदारांचा आरोप होता. नोटांच्या त्या गदारोळात एक मूलभूत प्रश्न मात्र झाकोळला गेला. पक्षादेश धुडकावणाऱ्या सदस्यांची संख्या त्या दिवशी लक्षणीय होती. भाजपने आठ खासदारांची हकालपट्टी केली. त्यांत यवतमाळचे हरिभाऊ राठोड होते, तसेच बंगळुरूचे माजी पोलीस अधिकारी एच. टी. सांगलियाना होते. शिवसेनेचे परभणीचे खासदार तुकाराम रेंगे पाटील यांनीही पक्षाची साथ सोडली. दुसऱ्या टोकाला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने दुसऱ्याच दिवशी लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनाच पक्षाबाहेर काढले. पक्षाने सांगूनही त्यांनी अध्यक्षपद सोडले नाही, हा त्यांचा अपराध.

या साऱ्यांना एकाच मापाने ‘फुटीर’ ठरवणे सोपे आहे. तथापि, त्या मतदानाचे स्वरूप नीट पाहिले तर हे माप अपुरे पडते. परराष्ट्रांशी करार करणे हा भारतात कार्यकारी मंडळाचा अधिकार आहे; त्यासाठी संसदेची संमती घ्यावी लागत नाही. त्यामुळे अणुकरारावर स्वतंत्र मतदान होणारच नव्हते. जे झाले ते सरकार राहावे की जावे यावर. करार देशहिताचा आहे, पण हे सरकार नको, असे वाटणाऱ्या विरोधी खासदाराने काय करावे? आणि करार घातक आहे, पण सरकार पाडण्यासाठी भाजपच्या बरोबरीने मत देणे त्याहून अनिष्ट आहे, असे वाटणाऱ्या डाव्या खासदाराने? दोन प्रश्न आणि बटण एकच, अशी ती कोंडी होती. आपण धोरणावर मत देत आहोत की सत्तेवर, हे सदस्याला वेगळे सांगण्याची सोयच नसेल, तर त्याच्या बंडाचा अर्थ लावणेही अवघड होऊन बसते.

प्रतोद म्हणजे चाबूक

‘प्रतोद’ हा संस्कृत शब्द मराठीने विधिमंडळाच्या कामकाजासाठी स्वीकारला तो अगदी चपखल. प्रतोद म्हणजे जनावरे हाकण्याचा चाबूक. इंग्रजीतला ‘व्हिप’ही शिकारीच्या मैदानातून आला, कळप सोडून भटकणाऱ्या कुत्र्यांना चाबकाने परत आणणाऱ्या माणसाचे ते नाव. ब्रिटिश संसदेत पक्ष आपल्या सदस्यांना आठवड्याच्या कामकाजाची जी सूचना पाठवतो, तीत महत्त्वाच्या विषयाखाली रेघा ओढल्या जातात. एक रेघ म्हणजे माहिती, दोन म्हणजे उपस्थिती अपेक्षित, तीन म्हणजे उपस्थित राहून पक्षाच्या बाजूनेच मतदान. भारतात ‘तीन ओळींचा व्हिप’ हा शब्दप्रयोग जसाच्या तसा आला. फरक शिक्षेत आहे. ब्रिटनमध्ये तिसरी रेघ मोडणाऱ्या सदस्याला पक्ष फार तर आपल्या संसदीय गटातून काढतो. भारतात त्याचे सदस्यत्वच जाऊ शकते.

राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात ही तरतूद आहे. सदस्याने स्वेच्छेने पक्ष सोडला, किंवा पूर्वपरवानगीशिवाय पक्षादेशाविरुद्ध मत दिले अथवा मतदानापासून दूर राहिला, आणि पंधरा दिवसांत पक्षाने त्याला क्षमा केली नाही, तर तो अपात्र ठरू शकतो. अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांचा. विश्वासदर्शक ठराव, अर्थसंकल्प, एखादे किरकोळ दुरुस्ती विधेयक असा कोणताही भेद परिशिष्टाच्या शब्दांत नाही. पक्षाने आदेश काढला की तो सर्वत्र सारखाच बांधतो.

२००८ च्या त्या मतदानाला गैरहजर राहिलेले लक्षद्वीपचे संयुक्त जनता दलाचे खासदार पी. पी. कोया यांना याचा प्रत्यय आला. प्रकृती बरी नसल्याचे त्यांचे म्हणणे ग्राह्य धरले गेले नाही आणि जानेवारी २००९ मध्ये त्यांना अपात्र ठरवण्यात आले. हा निर्णय दिला तो अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनी, ज्यांना त्याच मतदानावरून त्यांच्या स्वतःच्या पक्षाने बाहेर काढले होते. त्यांचे अध्यक्षपद आणि खासदारकी शाबूत राहिली, कारण हकालपट्टी ही पक्षाची कृती असते. तेवढ्याने सदस्यत्व जात नाही.

कायदा नव्हता तेव्हा

या कायद्याआधीही बंडे होत होती, आणि त्यांतली काही आजही आदराने आठवली जातात. महाराष्ट्राला त्यांतले सर्वांत ठळक उदाहरण सांगावे लागत नाही. कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेलेले चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्राला न देण्याचा निर्णय आणि मुंबईत झालेला गोळीबार यांच्या निषेधार्थ १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले आणि लोकसभेत त्याची कारणे स्पष्ट शब्दांत सांगितली. पद सोडून केलेले ते बंड होते. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्यास कोणाला जागा राहिली नाही.

काकासाहेब गाडगीळांचा मार्ग वेगळा. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी लोकसभेत स्वपक्षाच्या सरकारला खडे बोल सुनावले, पण काँग्रेस सोडली नाही. १९५७ च्या निवडणुकीत पुणेकरांनी त्यांना नाकारले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बळावर उभ्या असलेल्या नानासाहेब गोरे यांना निवडून दिले. भाषण मतदारांच्या बाजूचे आणि निष्ठा पक्षाच्या बाजूची, हा हिशेब मतदारांना पटला नाही. एखाद्या विषयावर लोकमत पेटलेले असते तेव्हा पक्षशिस्त ही सबब म्हणून चालत नाही, हे त्या निवडणुकीने मुंबई, पुणे आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक काँग्रेसजनांना दाखवून दिले.

त्या काळात पक्षशिस्तीच्या बाजूने उभे राहिलेले यशवंतराव चव्हाण पुढे केंद्रीय गृहमंत्री झाले, आणि पक्षांतराच्या प्रश्नावर नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. १९६७ च्या निवडणुकीनंतर परिस्थितीच तशी झाली होती. हरियाणाचे आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द देशाच्या राजकारणाला मिळाला. चव्हाण समितीने १९६९ मध्ये दिलेल्या अहवालातील आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या दरम्यान मिळून सुमारे ५४२ पक्षांतरे झाली होती. मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एकाच वर्षात किमान ४३८ झाली. सात राज्यांतल्या २१० फुटीर आमदारांपैकी ११६ जणांना, त्यांनी स्वतः आणलेल्या सरकारांत मंत्रिपदे मिळाली.

हा दुसरा आकडाच महत्त्वाचा. रोगाचे मूळ समितीच्या नजरेने अचूक हेरले होते. सदस्य पक्षाविरुद्ध मत देतात हा रोग नव्हता. मत देऊन मंत्री होतात हा रोग होता. म्हणूनच समितीच्या उपायांचा रोख मंत्रिपदावर होता. फुटिराला काही काळ मंत्रिपद मिळू नये आणि मंत्रिमंडळाच्या आकारावर मर्यादा असावी, अशा तिच्या शिफारशी होत्या. यांतली दुसरी शिफारस अमलात यायला २००३ सालची ९१ वी घटनादुरुस्ती उजाडावी लागली. तोवर महाराष्ट्राने १९७८ चे वसंतदादा पाटील सरकारचे पतन आणि शरद पवार यांचे पुलोद सरकार पाहिले होते. ‘पाठीत खंजीर’ हा वाक्प्रचार त्या घटनेपासून राज्याच्या राजकारणाला जो चिकटला तो आजही सुटलेला नाही.

१९८५ मध्ये प्रत्यक्ष आलेला कायदा चव्हाण समितीच्या निदानापासून बराच दूर होता. राजीव गांधी यांच्या पक्षाला लोकसभेत चारशेहून अधिक जागा होत्या. फुटीची धास्ती ज्या पक्षाला सर्वांत कमी, त्यानेच हा कायदा केला. ५२ व्या घटनादुरुस्तीने एकट्यादुकट्या सदस्याच्या मतावर बेडी घातली आणि त्याच वेळी एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ मानून त्यांना अभय दिले. याचा व्यावहारिक अर्थ राजकारण्यांना लगेच कळला. डिसेंबर १९९१ मध्ये नागपूर अधिवेशनाच्या काळात छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा सारी गणिते या एक तृतीयांशाभोवती फिरत होती. २००३ मध्ये ही पळवाट बुजवण्यात आली. दोन तृतीयांशांच्या ‘विलीनीकरणा’ची वाट मात्र खुली राहिली. एकाने केले तर पाप, तिघांतल्या दोघांनी केले तर घटनात्मक हक्क, अशी ही विचित्र व्यवस्था आहे.

क्रूस, मंदिर आणि दर्गा

या व्यवस्थेची कसोटी गोव्यात लागली. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये ‘विलीन’ होण्याचा निर्णय घेतला. मूळ पक्ष विलीन न होता केवळ आमदारांचे विलीनीकरण होऊ शकते काय, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने आमदारांना अपात्र न ठरवण्याचा निर्णय कायम ठेवला. त्याच्या महिनाभर आधी विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीतील महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेती येथील दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदार त्याच वर्षी सप्टेंबरात भाजपमध्ये गेले. संख्या दोन तृतीयांशांच्या वर होती. कायद्याला तेवढेच पुरेसे असते.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये घडले ते याहून गुंतागुंतीचे. एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेलेल्या आमदारांनी कोणत्याही पक्षात विलीनीकरण केले नाही. आपणच खरी शिवसेना, असा दावा केला. ४ जुलै २०२२ रोजी विधानसभेत १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव संमत झाला, तेव्हा एकाच पक्षाचे दोन प्रतोद होते. सुनील प्रभू यांचा आदेश एक सांगत होता, भरत गोगावले यांचा दुसरा. पक्षादेश मोडला कोणी, याचे उत्तर प्रतोद कोणाचा खरा यावर अवलंबून होते. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, असे स्पष्ट केले आणि गोगावले यांच्या नेमणुकीला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. तथापि, उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने जुने सरकार परत आणता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरवली आणि दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र केले नाही. पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतीतही निकाल याच वळणाचा लागला.

दोन राज्यांतल्या या घटनांत कोणाची बाजू न्याय्य होती, याविषयी वाचकांची मते ठाम असतील आणि ती वेगवेगळी असतील. इथे मुद्दा वेगळा आहे. लक्षद्वीपचा एक खासदार एका मतदानाला आला नाही म्हणून अपात्र होतो. एका सभागृहातल्या पक्षाचे बहुसंख्य सदस्य सरकार उलथवतात आणि कोणाच्याही केसाला धक्का लागत नाही. बंड करायचेच असेल तर एकट्याने करू नये, गर्दी जमवावी, असाच संदेश कायद्याने दिला आहे. विवेक ही बहुधा एकट्याने चालण्याची गोष्ट असते. गर्दी जमवायला दुसरी साधने लागतात.

‘आतल्या आवाजा’ची किंमत

अर्थात, पक्षशिस्तीची बाजू हलकी नाही. महाराष्ट्रातला मतदार उमेदवार पाहतो त्याहून अधिक निशाणी पाहतो. पक्षाच्या नावावर, पक्षाच्या पैशावर, पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या श्रमांवर निवडून आलेल्या माणसाने ऐन मोक्याच्या क्षणी मला माझ्या मनाने चालू द्या, असे म्हणणे ही मतदाराशीही प्रतारणा ठरू शकते. शिवाय बंड विवेकाचे की बंडलाचे, हे मतपत्रिकेवरून ओळखता येत नाही.

हा संशय निराधार नाही. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. सरकारच्या बाजूने मत देण्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी पैसे घेतल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सभागृहातील भाषण व मत यांबद्दल सदस्याला न्यायालयात खेचता येत नाही, असे संरक्षण घटनेच्या १०५ व्या अनुच्छेदाने दिले आहे. त्याचा आधार घेऊन १९९८ मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने दिलेला निकाल चमत्कारिक होता. लाच घेऊन मत दिलेल्या सदस्यांना संरक्षण मिळाले. लाच घेतल्याचा आरोप असलेल्या पण मतदान न केलेल्या सदस्याला ते नाकारले गेले. सौदा प्रामाणिकपणे पार पाडणारा सुरक्षित, असाच त्याचा अर्थ होत होता. हा निकाल मोडीत निघायला २६ वर्षे लागली. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने लाचखोरीला असे कोणतेही संरक्षण नसल्याचा निर्वाळा दिला.

म्हणजेच विकल्या गेलेल्या मताला शिक्षा देण्यासाठी आता फौजदारी कायद्याचा मार्ग मोकळा आहे. तेव्हा पक्षांतरबंदीचा चाबूक प्रत्येक मतावर उगारून ठेवण्याचे मुख्य समर्थनही काहीसे लंगडे पडते.

मतदान सत्तेचे आणि मतदान धोरणाचे

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाकडे १९९२ मध्येच पाहिले होते. किहोटो होलोहन खटल्यात कायदा वैध ठरवताना न्यायालयाने एक रेषा आखून दिली. सदस्यत्व घालवण्याची ताकद असलेला आदेश पक्षांनी शक्यतो सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानात, किंवा ज्या धोरणावर व कार्यक्रमावर पक्ष लोकांपुढे गेला त्याच्याशी निगडित प्रश्नांतच वापरावा, असे बहुमताच्या निकालात म्हटले आहे. त्याआधी १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने याहून स्पष्ट शिफारस केली होती. अपात्रता स्वेच्छेने पक्ष सोडणे आणि विश्वास-अविश्वास ठरावांवरील मतदान एवढ्यापुरतीच असावी, असे तिचे म्हणणे होते. १९९९ मध्ये विधी आयोगानेही सरकार धोक्यात येते अशा वेळीच पक्षादेश काढावा असे सुचवले.

ही रेषा व्यवहारात कशी दिसते, याचे उत्तम उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. योगायोगाने त्याचीही तारीख २२ जुलै. १९९३ साली त्या दिवशी जॉन मेजर यांचे सरकार मास्ट्रिक्ट कराराशी निगडित ठरावावर ३१६ विरुद्ध ३२४ मतांनी हरले, कारण हुजूर पक्षातल्या युरोपविरोधकांनी बंड केले. दुसऱ्या दिवशी मेजर यांनी त्याच प्रश्नावर विश्वासदर्शक ठराव मांडला आणि तो ३३९ विरुद्ध २९९ मतांनी जिंकला. बंडखोरांनी पहिल्या दिवशी धोरणाला विरोध केला, दुसऱ्या दिवशी सरकार वाचवले. चोवीस तासांत घेतलेल्या या दोन भूमिकांत विसंगती नाही. प्रश्नच दोन होते, आणि त्यांना दोन वेगळी मतदाने मिळाली. दिल्लीत २००८ मध्ये नेमकी हीच सोय नव्हती.

इराक युद्धाच्या वेळीही असेच घडले. मार्च २००३ मध्ये मजूर पक्षाच्या १३९ सदस्यांनी टोनी ब्लेअर यांच्या भूमिकेविरुद्ध मत दिले. रॉबिन कुक यांनी त्याच्या आदल्या दिवशी मंत्रिमंडळ सोडले होते. सरकार पडले नाही, कोणाची खासदारकी गेली नाही, आणि युद्धाला आपल्याच बाकांवरून किती विरोध होता याची नोंद मात्र कायमची झाली. तिथेही बंड फुकट नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या प्रश्नावर बोरिस जॉन्सन यांच्याविरुद्ध मत देणाऱ्या २१ खासदारांना हुजूर पक्षाच्या संसदीय गटातून काढण्यात आले. त्यांत विन्स्टन चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही होते. दहा जणांना दोन महिन्यांच्या आत परत घेतले गेले. डिसेंबरात अपक्ष म्हणून उभे राहिलेले पराभूत झाले. किंमत मोजावी लागली, पण ती मतदारांनी ठरवली.

मग भारतातल्या खासदाराने महत्त्वाच्या मतदानात बंड करावे की करू नये? विधेयक असो वा धोरण, सरकारचे अस्तित्व पणाला लागलेले नसेल तर करावे, आणि कायद्याने त्याला ती मोकळीक द्यायला हवी. आज एखाद्या विधेयकाबद्दल पक्षाच्या बैठकीत पोटतिडकीने बोलणारा सदस्य सभागृहात मुकाट्याने बटण दाबतो आणि त्या विधेयकावरची चर्चा निव्वळ उपचार ठरते. निकाल आधीच ठाऊक असलेल्या चर्चेला सदस्य तरी कशाला थांबतील? लोकसभेच्या रिकाम्या बाकांबद्दल हळहळणाऱ्यांनी या कायद्याकडेही एकदा पाहायला हवे.

विश्वासदर्शक ठरावाची गोष्ट निराळी. तिथे मतदाराने दिलेला कौल पक्षाला असतो आणि तो एकट्याने फिरवणे योग्य नाही. क्वचित असाही क्षण येतो की पक्षनिष्ठा देशाला महाग पडेल. मे १९४० मध्ये नॉर्वे मोहिमेच्या चर्चेत चेंबरलेन यांच्या बाजूच्या सुमारे ४० सदस्यांनी विरोधात मत दिले. सरकार २८१ विरुद्ध २०० असे जिंकले, पण चेंबरलेन यांना जावे लागले. अशा क्षणासाठी कायद्यात कलम लिहिता येत नाही. तिथे सदस्याने मत द्यावे, जागा गमावण्याची तयारी ठेवावी आणि पुन्हा मतदारांपुढे जावे, एवढेच सांगता येते.

आधी राजीनामा द्या, मग बंड करा, हा उपाय दिसायला सोज्वळ आहे. चिंतामणराव देशमुखांच्या हाती तो सोज्वळच होता. पण कर्नाटकात २०१९ मध्ये आमदारांनी ठोक राजीनामे देऊन सभागृहाची संख्याच खाली आणली आणि जुलैत कुमारस्वामी सरकार ९९ विरुद्ध १०५ मतांनी कोसळले. अध्यक्षांनी त्या आमदारांना अपात्र केले, सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, मात्र पोटनिवडणूक लढवण्याची मुभा दिली. डिसेंबरातल्या १५ पैकी १२ जागा भाजपने जिंकल्या; उमेदवार बहुतांश तेच. राजीनाम्याचाही घाऊक व्यापार होऊ शकतो, हे त्यातून दिसले. चव्हाण समितीचे ‘मंत्रिपद नाही’ हे औषध इथेच लागू पडले असते. आजच्या तरतुदीनुसार अपात्र सदस्य फेरनिवडणूक जिंकला की लगेच मंत्री होऊ शकतो. सभागृहाची उरलेली मुदत संपेपर्यंत ती दारे बंद ठेवली, तर विवेकाने बंड करणाऱ्याचे काही बिघडणार नाही.

अध्यक्षांच्या अधिकाराचा प्रश्नही याला जोडूनच येतो. बहुमतातल्या पक्षाने निवडलेल्या अध्यक्षाने त्याच पक्षाच्या फायद्या-तोट्याचा निवाडा करावा, हे १९९२ च्या खटल्यातील दोन न्यायमूर्तींनाही पटले नव्हते. २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र न्यायाधिकरणाची सूचना केली. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या आमदारांच्या प्रकरणात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने अध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय देण्यास सांगितले आणि ही व्यवस्था कायम ठेवावी का, याचा विचार संसदेने करावा, असे सुचवले.

संसदेत तसा प्रयत्न झालेला आहे. पक्षादेशाची सक्ती विश्वास-अविश्वास ठराव आणि आर्थिक बाबींसारख्या सरकारच्या स्थैर्याशी निगडित विषयांपुरती मर्यादित करावी, असे विधेयक मनीष तिवारी यांनी २०१० मध्ये लोकसभेत मांडले होते. ते खासगी विधेयक होते, आणि १९७० नंतर संसदेने एकही खासगी विधेयक संमत केलेले नाही. सरकारी विधेयक आणायचे तर ते कोणत्या तरी सत्ताधारी पक्षाला आणावे लागेल, आणि घटनादुरुस्ती असल्याने दोन तृतीयांश मते जमवण्यासाठी त्यावरही तीन ओळींचा पक्षादेश निघेल.